हसुराम बांधावर होता

हसुराम गेला. नोकरीत असताना गेला. ही दोन वाक्यं मी तुमच्या आईला फोनवर एकापाठोपाठ सांगितली, तर ती म्हणाली, "अगं आई, माणूस गेला, त्यात नोकरीचं काय एवढं?" सई, ईशान, तुम्हालाही तसंच वाटेल. म्हणून लिहायला बसले आहे. तुमचं मराठी वाचन मला माहीत आहे, तेव्हा सावकाश वाचा, अडलं तर आईला विचारा.

ईशान, तुझा एक फोटो माझ्या कपाटात आहे. तू रोडरोलरच्या सीटवर बसला आहेस, डोक्यावर मोठ्या माणसाची टोपी आहे आणि तोंड रडवेलं आहे. ती टोपी हसुरामची. तो स्वतः फोटोत नाही, कारण कॅमेरा सरळ धरेपर्यंत तो तिथून निघून गेला होता. त्याचा एकही धड फोटो माझ्याकडे नाही. तो एका जागी थांबायचाच नाही.

पेणला आपल्या घरासमोरचा रस्ता झाला त्या उन्हाळ्यात जिल्ह्याच्या बांधकाम खात्याचा पिवळा रोलर आपल्या फाटकाशी, बदामाच्या झाडाखाली मुक्कामाला होता. एका सकाळी एक उंच, काटक माणूस फाटकाशी येऊन म्हणाला, "बाई, एक तांब्या पानी द्या." मी माठातलं पाणी दिलं, वर पेला उपडा घालून. त्याने पेला माझ्या हातात परत ठेवला, तांब्या घेऊन रस्त्याच्या मधोमध गेला आणि सगळं पाणी आदल्या दिवशीच्या डांबरावर सावकाश ओतलं. मग गुडघे टेकले, गाल रस्त्याला लावला आणि एक डोळा मिटून पाहत राहिला.

"प्यायचं पाणी होतं ते," मी म्हटलं.

"त्यालाच पाजला," तो खालूनच म्हणाला. "आता सांगंल, कुठं जायचा हाय त्याला."

पाणी दोन्ही कडांना सारखं वाहिलं तर रस्ता जमला. मधेच रेंगाळलं तर पावसाळ्यात तिथे खड्डा. याला तो पाण्याला विचारणं म्हणायचा. त्यानंतर महिनाभर माझा पितळी तांब्या दिवसातून कितीतरी वेळा रस्त्यावर जात होता आणि परत येताना घासूनपुसून येत होता. माझ्या हातून तांब्याला इतकी चकाकी कधी आली नव्हती.

दुपारी त्याची बायको कुसुम डबा घेऊन यायची. तिचा भाऊ बाळाराम रिक्षा चालवतो, तो तिला गावाहून आणायचा. कुसुम झाडाखाली फडकं पसरून भात-कालवण वाढायची, बाळाराम मांडी घालून बसायचा, आणि हसुराम भाताचं ताट हातात धरून रोलरभोवती फेऱ्या मारत जेवायचा.

"बसून जेव रं," कुसुम म्हणायची. "पोटात जातंय का पायात, काय कळत नाय."

"पायात गेला तर बराच हाय."

"दाजी लग्नात पन पाटावर बसला नव्हता गो," बाळाराम मला सांगायचा. "भटानं खांदा धरून ठेवला तवा मंगलाष्टका झाल्या."

"आन् तू तवा काय करत व्हतास? पहिल्या पंगतीला व्हतास," हसुराम म्हणायचा.

बाळारामच्या हातात कायम मोबाइल. त्याला दिसेल ते टिपायची सवय. रस्त्यातला खड्डा, ताटातलं बोंबलाचं कालवण, रिक्षात बसलेली बकरी, सगळं तो टिपायचा आणि स्टेटसला लावायचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मला एक कोडं होतं. असा पायाला भिंगरी लागलेला माणूस खात्यातल्या सगळ्यात संथ यंत्रावर कसा? मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "रोलर चालता चालता उतरता येतो, बाजूनं चालता येतो, नि परत चढता येतो. ट्रकवरून कोन उतरू देल मना?" आणि तो खरंच तसं करायचा. रोलर आपला मुंगीच्या चालीने पुढे सरकतो आहे आणि त्याचा ड्रायव्हर खाली उतरून शेजारून चालतो आहे, एखादा दगड पायाने उडवतो आहे, परत वर चढतो आहे. मला ते पाहवायचं नाही. मी खिडकी लावून घ्यायचे.

रस्ता पुरा झाला, रोलर रोह्याकडे गेला, पण हसुराम येत राहिला. पेणला काही काम निघालं की फाटक वाजायचं. चहा तो ओसरीच्या कठड्याला टेकून, उभ्याने प्यायचा. बोलणं बहुतेक रस्त्यांचं, नाहीतर बांधाचं.

बांध म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं. पेणच्या पश्चिमेला खाडीलगतची जी भातशेती आहे तिला खारेपाट म्हणतात. तिथली जमीन भरतीच्या पाण्याहून खाली आहे. शेत आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा बांध आहे, एवढंच. उधाणाच्या भरतीला बांध फुटला, तिथल्या भाषेत खांड गेली, की खारं पाणी शेतात शिरतं आणि मग पुढची काही वर्षं तिथे भात होत नाही. म्हणून खांड गेल्याची हाक आली की गावाने ओहोटीच्या वेळात ती बुजवायची. या कामाला जोळ म्हणतात. घरटी एक माणूस. गावातला एक म्हातारा बांधावर उभा राहून एकेका घराचं नाव घेतो आणि त्या घराने "हाय" म्हणायचं. कोणी आजारी असलं तर त्याला माफी असते. पण नाव घेतल्यावर जी शांतता होते ती सगळा गाव ऐकतो.

रोह्याला काम चालू असताना एकदा हसुरामला अशी हाक आली. त्याने साहेबांकडे रजेचा अर्ज दिला. कारण लिहिलं होतं, बांध. साहेब म्हणाले, "बांध तुझ्या बापाचा आहे का?" हसुराम म्हणाला, "व्हय. त्यानं पन घातलाय." रजा मिळाली नाही. तो गेला. बिनपगारी धरली. हे सांगताना तो चिडलेला नव्हता, उलट त्याला साहेबांचीच थोडी कीव येत होती. "त्यांचा घर डोंगराकडं असंल," म्हणाला.

मग खांबचा अपघात झाला.

महामार्गावरच्या खांब गावाहून आत एक रस्ता जातो. तिथे उतारावर काम चालू होतं. खालच्या अंगाला खडी पसरणाऱ्या बायका होत्या. रोलरचा ब्रेक लागेना. हसुराम नेहमीप्रमाणे उतरला, फक्त या वेळी चाकाखाली दगड लावायला. दगड बसला आणि रोलर थांबला. दगडाबरोबर त्याचा उजवा पायही तिथेच होता.

मी दवाखान्यात गेले तेव्हा कुसुम दारात बसली होती. ती रडत नव्हती. ती म्हणाली, "बाई, आता तरी एका जागी बसंल." आणि मग रडली.

अर्धं पाऊल काढावं लागलं. घोटा सांधला तो कायमचा ताठ झाला. सरकारी डॉक्टरांनी कायमचं अपंगत्व आहे असा दाखला दिला. काही महिन्यांनी हसुराम काठी घेऊन कामावर हजर झाला, तेव्हा खात्याने त्याला सांगितलं की तो ड्रायव्हर म्हणून अयोग्य ठरला आहे, आणि दुसरी जागा रिकामी नाही. त्याला कामावरून कमी केलं.

कायदा याच्या उलट आहे, आणि तो समजायला कठीण नाही. सरकारी नोकरी करताना माणसाला अपंगत्व आलं तर त्याला काढता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर दुसरं द्यायचं, पगार तोच ठेवायचा. दुसरी जागा नसेल तर त्याच्यासाठी एक जादा जागा तयार करायची आणि निवृत्तीपर्यंत ठेवायची. खात्याने यातलं काही केलं नाही. मग प्रकरण हायकोर्टात गेलं.

त्याची वकील शर्वरी. ती माझी विद्यार्थिनी, कॉलेजात माझ्याकडे इंग्रजी शिकलेली. रोह्याला तिचं एका खोलीचं ऑफिस आहे. हायकोर्टात मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर लावावं लागतं, ते काम तिने मला दिलं. म्हणून पुढची सगळी हकिगत मी जवळून पाहिली.

त्या काळात हसुराम आपल्या ओसरीवर वारंवार असायचा. बसत नसायचाच. काठी टेकत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, वळायचा, परत. मी आत भाषांतर करत असायचे आणि बाहेर काठीचा ठोका पडत राहायचा. ठोका थांबला की मला चुकल्यासारखं व्हायचं, मी डोकावून बघायचे, तर तो कठड्याशी उभा राहून रस्त्याकडे बघत असायचा.

"झाला का, बाई?"

"अरे, एवढ्यात कसं होईल?"

"बरा. मी जरा नाक्यापर्यंत जाऊन येतो."

नाक्यापर्यंत जाऊन तो परत यायचा आणि तेच विचारायचा. कोर्टाची तारीख पुढे गेली की तो आणखी जोरात चालायचा. पगार थांबला होता. कुसुम पेणच्या बाजारात सुकी मासळी विकायला बसू लागली होती. पण त्याचं दुखणं वेगळंच होतं. तो एकदा मला म्हणाला, "बाई, मना काय बी द्यावा त्यांनी. दरवाजा उघडाचा काम दिला तरी चालंल. सकाळी उठून जायला जागा पायजे मानसाला." निवृत्तीला फार वर्षं उरली नव्हती, आणि तारखा मात्र पुढे पुढे जात होत्या.

त्याच पावसाळ्यात, पौर्णिमेच्या उधाणाला, त्याच्या गावी बांध फुटला.

कुसुम म्हणाली, मी जाते. नावं घेणं सुरू झालं आणि त्याच्या घराचं नाव आलं तेव्हा "हाय" त्यानेच म्हटलं, कुसुमच्या आधी. चिखलाचे गोळे हातोहात पुढे देणाऱ्या माणसांची रांग होती, कमरेएवढ्या चिखलपाण्यात उभी. हसुरामने पायावर प्लॅस्टिकची पिशवी बांधली, त्या रांगेत बांधाच्या उताराला, जरा उंचवट्यावर, एक घमेलं उपडं घातलं आणि त्यावर बसून डावीकडचा गोळा उजवीकडे देत राहिला. भरतीच्या आत खांड बुजली.

बाळाराम तिथे होता. त्याने ते मोबाइलवर व्हिडिओत टिपलं. दाजीचा त्याला फार अभिमान वाटला होता. स्टेटसला लावताना त्याने लिहिलं, "आमचे दाजी. पाय गेला तरी बांधावर."

ते फिरत फिरत खात्यापर्यंत पोचलं. फिरता फिरता त्यावरचे शब्द गळून पडले, चित्र तेवढं राहिलं. खात्याने हायकोर्टात उत्तर दिलं, त्याला त्यातली छायाचित्रं जोडली होती, आणि म्हटलं होतं की अर्जदाराला अपंगत्व असल्याचा दावा खोटा आहे, तो इतर धडधाकट माणसांबरोबर चिखलात उभा राहून अंगमेहनत करतो आहे.

छायाचित्रात तसंच दिसत होतं. चिखलात सगळे सारखेच. उभा कोण, बसलेला कोण, काही कळत नव्हतं. कमरेखाली कोणालाच पाय नव्हते.

शर्वरी ते घेऊन रोह्याहून आपल्या घरी आली. ओसरीवर आम्ही सगळे होतो. ती हातातलं केळं सोलता सोलता म्हणाली, "हसुकाका, माझं ऐका. तोंडावर सगळा चिखल आहे. ओळखू येत नाही कोणी. आपण प्रतिज्ञापत्रात म्हणू, हा माणूस अर्जदार नाही, खात्याने सिद्ध करून दाखवावं. त्यांना ते जमणार नाही."

"म्हंजी मी नव्हतो असा लिवायचा?"

"तुम्ही नव्हता असं नाही. हा माणूस तुम्ही नाही, असं."

"मंग मी कुठं व्हतो?"

"घरी."

काठीचा ठोका थांबला. बाळाराम पायरीवर मान खाली घालून बसला होता. त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं, हीच त्याला शिक्षा होती.

"सांग ना नाय म्हनून," कुसुम म्हणाली. "चिखलात म्हस नि रेडा एकच दिसतात. कोन बघायला येतंय?"

"गाव."

"गाव काय कोरटात बसलाय?"

"कागूद गावात येल," हसुराम म्हणाला. "तुझाच भाऊस स्टेटसला लावंल. हसुराम कोरटात बोल्ला, मी बांधावर नव्हतो. मंग पुढच्या टायमाला म्हातारा माझा नाव घेल का?"

"नोकरी जाईल, काका," शर्वरी म्हणाली. आवाज चढवून नाही, नेहमीपेक्षा हळूच. "मी खोटं सांगत नाही. हे असं कबूल केलं तर जाऊ शकते."

तो परत चालायला लागला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत. आम्ही सगळे त्याच्याकडे मान वळवून बघत होतो. शेवटी तो शर्वरीसमोर थांबला.

"बसलो व्हतो, असा लिवा," तो म्हणाला. "सगळा लिवा. घमेला उपडा घातलेला, पायाला पिशवी बांधलेली. डावीकडून घेतला, उजवीकडं दिला. उभा नव्हतो राहिलो. पन व्हतो."

"पुरावा काय बसल्याचा?"

"मी सांगतो ना."

शर्वरीने माझ्याकडे बघितलं. मी बाळारामकडे बघितलं. त्याच्या मोबाइलमध्ये मूळ चित्रीकरण होतं, पण त्यातही तेच, चिखलावरची माणसं. शर्वरी उठली, केळ्याची साल फाटकाबाहेर टाकली आणि म्हणाली, "ठीक आहे. लिहू." जाताना ती मला म्हणाली, "बाई, तुमच्या कॉलेजात मी कधी एवढी घाबरले नव्हते."

बाळाराम सगळ्यांच्या शेवटी उठला. "दाजी, मी मोबाइल फोडतो."

"फोड. मंग रिक्षात गिऱ्हाइक कसा बोलावशील?"

त्याचं म्हणणं इंग्रजीत आणायला मला दोन दिवस लागले. मी एकेक ओळ मराठीत परत वाचून दाखवायचे आणि तो चालता चालता ऐकायचा. एक शब्द कमी-जास्त झालेला त्याला चालत नव्हता. पिशवी कसली होती ते राहिलं तर तो परत आला. "खताची पिशवी, बाई. साधी नाय. साधी फाटली असती."

सुनावणी झाली ती रोह्याला, शर्वरीच्या ऑफिसात, कॉम्प्युटरच्या पडद्यावर. हायकोर्ट मुंबईत, आम्ही इथे. तिने हसुरामला आपल्यामागे खुर्चीवर बसवलं आणि बजावलं की काही झालं तरी उठायचं नाही, न्यायमूर्तींना तुम्ही दिसले पाहिजेत. मी बाजूला बसले. पडद्यावर आमच्या आधीची प्रकरणं एकामागून एक चालू होती. पंखा गरगरत होता. मी सारखी चष्मा पुसत होते.

आमचा नंबर आला. शर्वरी बोलली, मग खात्याचे वकील बोलले, छायाचित्रांवर बराच वेळ बोलले. दोन न्यायमूर्ती होते, त्यांतल्या बाईंनी विचारलं, "अर्जदार हजर आहेत का?" शर्वरी मागे वळली. खुर्ची रिकामी होती. हसुराम खिडकीशी उभा होता, काठी टेकून, खाली रस्त्यावर बघत.

"काका," ती दातांतून म्हणाली.

तो आला. तीन पावलांची ती खोली, पण त्याला यायला वेळ लागला, आणि तो येताना सगळा पडद्यावर दिसत होता. काठी, मग डावा पाय, मग तो ताठ उजवा, बाहेरून फिरून येणारा. तो खुर्चीत बसला, अर्धवट, कडेला.

न्यायमूर्तीबाई मराठीत म्हणाल्या, "तुम्ही बांधावर होता का?"

"व्हय, साहेब."

"पाय असा असताना का गेलात?"

"घरटी एक मानूस जातो, साहेब."

"घरात दुसरं कोणी नव्हतं?"

"बायको तयार व्हती. पन बसून करायची जागा एकच व्हती तिथं. ती मना बरी."

बाईंनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. मग त्यांनी खात्याच्या वकिलांना विचारलं, आता इंग्रजीत, की तुमच्या एका कागदावर हा माणूस कुठल्याच कामाला योग्य नाही म्हणून काढला आहे, आणि दुसऱ्या कागदावर तो इतका धडधाकट आहे की चिखल वाहतो. दोन्ही सह्या तुमच्याच खात्याच्या आहेत. आम्ही कुठल्या कागदावर विश्वास ठेवायचा? वकील म्हणाले, सूचना घेऊन सांगतो. बाई म्हणाल्या, सूचना आम्हीच देतो.

हसुरामला इंग्रजी कळत नव्हतं. सगळं आटोपून पडदा बंद झाल्यावर त्याने नोकरीचं काय झालं ते आधी विचारलं नाही. शर्वरीला म्हणाला, "लिवला का त्यांनी, मी व्हतो म्हनून?"

लिहिलं होतं. निकाल आला त्यात तशी ओळ होती, की अर्जदाराने बांधावर असल्याचं स्वतःहून मान्य केलं आहे, आणि शक्य तेवढं काम बसून करणारा माणूस अपंग नसतो असा अर्थ काढता येत नाही. त्याला जादा जागेवर घ्यावं, कामावरून काढल्या दिवसापासूनचा पगार द्यावा. मी ते त्याला मराठीत वाचून दाखवलं. त्याने पगाराचा भाग एकदा ऐकला आणि ती ओळ दोनदा.

रोह्याच्या ऑफिसात त्याला सामानाच्या खोलीच्या दारात खुर्ची-टेबल मिळालं. मी एकदा शर्वरीकडे गेले होते तेव्हा वाकडी वाट करून बघून आले. खुर्ची रिकामी होती. शिपाई म्हणाला, "हसूभाऊ ना? बघा आवारात." आवारात नवा सिमेंटचा रस्ता केला होता. हसुराम त्यावर बाटलीतलं पाणी ओतून, काठीच्या आधाराने कसाबसा वाकून बघत होता. मला पाहून म्हणाला, "बाई, गेटाशी तळा होनार. मी सांगितला साहेबाला. साहेब बोल्ला, जाग्यावर बस." आणि तो हसला. त्याला इतकं मोकळं हसताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

खातं मात्र गप्प बसलं नव्हतं. त्यांनी त्याच कोर्टात निकालाच्या फेरविचाराचा अर्ज केला. तो अर्ज पुढे फेटाळला गेला आणि हसुराम शेवटपर्यंत नोकरीत राहिला, गेला तोही नोकरीत असताना, आणि म्हणून आज कुसुमला निवृत्तिवेतन आहे. पण मी आता सांगते त्या दिवशी यातलं काहीच आम्हाला माहीत नव्हतं. अर्ज लटकलेला होता. साहेबांनी हसुरामला बोलावून सांगितलं होतं की आता परत असलं काही बाहेर येऊ देऊ नका. शर्वरीनेही सांगितलं होतं. कुसुमने तर रोज सांगितलं होतं.

खात्याच्या नव्या अर्जाला द्यायच्या उत्तराचं भाषांतर माझं झालं होतं आणि त्यावर त्याची सही हवी होती. तो आला नाही. फोन लागेना. माझ्या मनात नाही नाही ते येऊ लागलं. शेवटी बाळाराम रिक्षा घेऊन आला, तोंड उतरलेलं. म्हणाला, "बाई, खांड गेली. दाजी बांधावर हाय."

"तू थांबवलं नाहीस?"

"कुसुमनं काठी लपवली व्हती. तो फावडा टेकत गेला."

मी कागद पिशवीत घातले आणि रिक्षात बसले. गावाच्या पुढे रस्ता संपतो तिथून चालत गेलो, मी बाळारामचा दंड धरून. ओहोटीचं पाणी लांब गेलं होतं आणि खाडीवरून वारा येत होता. नावं घेऊन झाली होती. रांग लागली होती. लांबून मला सगळे एकसारखे दिसत होते, चिखलाचे, नुसते खांदे आणि हात. मी एकेकाकडे बघत होते आणि मला तो सापडत नव्हता. मग एका माणसाच्या बाजूला फावडं रोवलेलं दिसलं.

कुसुम त्याच्या पुढच्या जागेवर उभी होती, साडी खोचून. तो देईल तो गोळा घेत होती आणि प्रत्येक गोळ्याबरोबर त्याला काहीतरी ऐकवत होती.

"हसुराम," मी हाक मारली, "सही हवी आहे."

"हात चिखलाचे हायत, बाई. भरती याच्या आत होतो मोकळा." त्याने एक गोळा घेतला आणि पुढे दिला. "तवर बसा तुमी."

बसायला कुठेच जागा नव्हती. मी उभी राहिले. बाळारामने सवयीने मोबाइल वर काढला होता, मग त्याला आठवलं. तो इकडेतिकडे बघून घाईघाईने परत खिशात घालायला लागला. हसुरामने ते पाहिलं.

"काढ रं," तो म्हणाला.

"नको, दाजी. परत..."

"काढ. पन तिथून नको. ह्या अंगाला ये, बांधावर चढ." त्याने हातातला गोळा कुसुमकडे दिला, दोन्ही हातांनी धरून ताठ पाय चिखलातून वर काढला, आणि खताच्या पिशवीत बांधलेला तो पाय समोरच्या ढेकळावर नीट ठेवला.

"आता घे. आता पाय पन येल."